न उतरलेला आवाज : २२ वर्षांच्या एका तरुणाचे प्रकरण

या टिपणातील तरुणाने आपले प्रकरण लिहिण्यास संमती दिली आहे. त्याची ओळख पटू नये म्हणून गाव, नोकरी आणि घरातील काही तपशील मी बदलले आहेत. आवाजाची तपासणी, उपचाराचा क्रम आणि त्यात झालेली माझी एक चूक मात्र घडली तशीच मांडली आहे.

तो पहिल्यांदा आला तेव्हा बरोबर त्याचे मामा होते. उंची जवळपास सहा फूट, खांदे रुंद, दाढी दाट आणि गळ्यावरची घाटी लांबूनही दिसावी इतकी ठळक. नाव, गाव, शिक्षण, नोकरी हे सगळे मामाच सांगत होते आणि तो नुसती मान डोलावत होता. 'तक्रार काय आहे ते तूच सांग,' असे मी म्हटल्यावर त्याने खिशातून वहीचा घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. त्यावर तीन वाक्ये होती : 'माझा आवाज बायकी आहे. फोनवर सगळे मला ताई म्हणतात. यावर काही औषध असेल तर द्या.' तोच कागद मी त्याला मोठ्याने वाचायला सांगितला. त्याने वाचला आणि त्या भरदार देहातून बारीक, हवा मिसळलेला, मधूनच चिरकणारा आवाज आला. वाचताना त्याची नजर दाराकडे होती, बाहेर बसलेल्या माणसांनी ऐकले की काय या धास्तीने.

तो एका पतसंस्थेत कारकून होता आणि थकलेल्या हप्त्यांसाठी कर्जदारांना फोन करणे हे त्याच्या कामात येत असे. कर्जदार 'बोला ताई' म्हणत, काही जण 'साहेबांना फोन द्या' म्हणत, आणि शेवटी ते काम त्याच्याकडून काढून त्याला आतल्या खोलीत नोंदवह्यांवर बसवण्यात आले. उपचारासाठी निघण्याचे तात्कालिक कारण मात्र वेगळे होते. एका स्थळाकडून फोन आला, तो यानेच उचलला आणि पलीकडच्या गृहस्थांनी 'मुलाला जरा फोन द्या' असे सांगितले. 'मीच बोलतोय' हे शब्द त्याच्या तोंडून निघाले नाहीत. त्याने फोन आईच्या हाती दिला आणि त्यानंतर आठवडाभर घरातही तो फारसा बोलला नाही.

माझ्याकडे येण्याआधी चार-पाच वर्षे घरगुती उपाय चालले होते : ज्येष्ठमध, हळदीचे दूध, मिठाच्या गुळण्या. त्यांनी अपाय झाला नव्हता. एका ठिकाणी मात्र कोणतीही तपासणी न करता त्याला 'ताकदीची' म्हणून पुरुष-संप्रेरकाची काही इंजेक्शने देण्यात आली होती, आणि याविषयी मला स्पष्ट लिहिले पाहिजे. ज्याच्या शरीरात हे संप्रेरक पुरेसे तयार होत आहे त्याला ते बाहेरून दिले, तर शरीर स्वतःचे उत्पादन आवरते आणि शुक्राणूंची निर्मितीही घटते. स्वरयंत्राची वाढ आधीच पूर्ण झालेली असेल तर आवाजाच्या बाजूने त्यातून हाती काही लागत नाही. आवाज बारीक म्हणजे पुरुषत्वात उणे, ही समजूत घरात बोलली जाते तेव्हा ती दुखावते; दवाखान्यात तिच्यावर विसंबून औषध दिले जाते तेव्हा ती शरीराला इजा करते.

म्हणून उपचाराचा विचार करण्याआधी, आवाज शरीरामुळे बारीक राहिला आहे की शरीर वाढूनही तो तसा राहिला आहे, हे ठरवणे आवश्यक होते. वयात येण्याच्या इतर खुणा त्याच्या ठिकाणी योग्य वेळी आल्या होत्या. संप्रेरकांच्या चाचण्या, इंजेक्शने थांबवून पुरेसा काळ गेल्यावर केल्या, त्या प्रमाणात निघाल्या. वास येतो का, हाही प्रश्न मी विचारला, कारण एका जन्मजात विकारात घ्राणशक्ती नसते आणि यौवनही लांबते. त्याला वास नीट येत होता. श्रवणचाचणी निर्दोष होती. ती करणे गरजेचे असते, कारण स्वतःचा आवाज नीट ऐकू न येणाऱ्या माणसाला तो हवा त्या पट्टीवर ठेवता येत नाही. त्यानंतर कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बीण घालून स्वरयंत्र पाहिले.

ही शेवटची पायरी गाळण्याचा मोह अनेकांना होतो आणि तो टाळला पाहिजे. १८५४ साली मान्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने दंतवैद्याचा लहानसा आरसा घशात धरून, सूर्याचा प्रकाश दुसऱ्या आरशाने त्यावर पाडून स्वतःच्याच स्वरपट्ट्या हलताना पाहिल्या. त्याच्या आधी आवाजाविषयी जे बोलले जाई त्यात तर्काचा भाग फार मोठा होता. आज दुर्बीण हाताशी असताना केवळ कानांवर विसंबून निदान करणे म्हणजे त्या तर्काकडेच परत जाणे होय. स्वरपट्ट्यांमध्ये जन्मतः पडदा असणे, एका पट्टीला पक्षाघात होणे, पट्टीच्या काठावर लांबट खाच असणे, ही कारणेही आवाज बारीक करू शकतात आणि त्यांचे उपचार निराळे असतात.

याच्या बाबतीत असे काहीच नव्हते. स्वरपट्ट्या प्रौढ पुरुषाच्या लांबीच्या, दोन्ही बाजूंनी सारख्या हलणाऱ्या आणि निरोगी होत्या. पण 'ई' म्हणायला सांगितल्याबरोबर संपूर्ण स्वरयंत्र वर चढत होते, पट्ट्या ताणल्या जाऊन बारीक होत होत्या, त्यांच्या फक्त कडा कंप पावत होत्या आणि मागच्या बाजूला राहिलेल्या फटीतून हवा निसटत होती.

हे समजण्यासाठी तंबोऱ्याचे उदाहरण मी त्याला दिले आणि येथेही तेच देते. तारेचा स्वर तिची लांबी, जाडी आणि ताण या तीन गोष्टींवर ठरतो. लहान मुलामुलींच्या स्वरपट्ट्या आखूड आणि पातळ असल्यामुळे त्यांच्या बोलण्याचा स्वर साधारण २५० ते ३०० हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे पट्ट्या सेकंदाला तितक्या वेळा उघडतात आणि मिटतात. वयात येताना मुलींच्या पट्ट्याही वाढतात, पण मुलांच्या बऱ्याच अधिक वाढतात आणि जाड होतात. स्वरयंत्रापुढची ढालीसारखी कूर्चा पुढे येते, तिलाच आपण घाटी म्हणतो. मुलांचा आवाज जवळजवळ एक सप्तक उतरतो आणि १०० ते १३० हर्ट्झच्या पट्ट्यात स्थिरावतो. मुलींचा तीन-चार अर्धस्वरांनीच उतरत असल्यामुळे आपल्या लक्षात येत नाही. प्रौढ स्त्रीचा आवाज २०० हर्ट्झच्या आगेमागे राहतो. या तरुणाच्या गळ्यात खर्जाची जाड तार बसवून झाली होती. फक्त खुंटी इतकी पिळलेली होती की त्या तारेतून २३० हर्ट्झच्या आसपासचा स्वर निघत होता. खुंटीचे काम येथे करतो तो स्वरपट्ट्यांना पुढून-मागून ताणणारा एक लहानसा स्नायू, आणि तो नऊ वर्षे सैल पडलाच नव्हता.

ऐकणाऱ्याला आश्चर्य का वाटते, याचेही उत्तर यात आहे. देह पाहून आवाजाची अपेक्षा बांधण्याची सवय आपल्या कानाला असते, आणि प्रौढ पुरुषांमध्ये ती सवय बहुतेक वेळा फसवी ठरते, कारण उंचीचा आणि बोलण्याच्या पट्टीचा संबंध अगदी क्षीण असतो. सहा फूट चार इंच उंचीच्या अब्राहम लिंकनचा आवाज उंच पट्टीचा आणि काहीसा कर्कश होता, असे त्याला ऐकलेल्या समकालीनांनी लिहून ठेवले आहे. तोच आवाज मोठ्या गर्दीत दूरवर पोहोचत असे, हेही त्यांनीच नोंदवले आहे. लिंकनचा मृत्यू १८६५ साली झाला आणि एडिसनचा फोनोग्राफ १८७७ साली आला, त्यामुळे तो आवाज कोणाला पुन्हा ऐकता येणार नाही. निरोगी पट्ट्यांचा, दमदार आणि टिकणारा उंच आवाज हा आजार नव्हे. तसा आवाज असलेला एखादा पुरुष त्यात समाधानी असेल, तर त्याच्यावर उपचार करण्याचे कारण मला दिसत नाही. या तरुणाची अडचण पट्टीपुरती नव्हती : त्याला हाक मारता येत नव्हती, रस्त्यावरच्या गोंगाटात त्याचे बोलणे विरून जात असे, तासभर बोलल्यावर घसा दुखत असे आणि एका श्वासात 'आ' जेमतेम आठ-नऊ सेकंद टिकत असे. धडधाकट तरुणाकडून याच्या दुपटीची अपेक्षा असते.

निदान पक्के केले ते खोकल्याने. दुर्बिणीचा अहवाल वाचून झाल्यावर मी त्याला खोकायला सांगितले. तो खोकला आणि खोलीत जाड, छातीतून येणारा आवाज उमटला. जांभईचा आवाजही तसाच निघाला. मामांना विचारले तर ते म्हणाले, 'झोपेत बरळतो तेव्हा निराळाच आवाज येतो, आम्हाला वाटायचे स्वप्नात घाबरतोय.' शरीराला प्रौढ आवाज येत होता. बोलण्याचा हेतू मनात आला की स्नायू जुन्या जागी जात होते. घाटीवर बोट ठेवून ती हलकेच मागे आणि खाली दाबत 'आ' म्हणायला लावले, तेव्हा आवाजाची पट्टी एकदम घसरली. दाब काढताच ती परत चढली. वैद्यकात या अवस्थेला 'प्युबरफोनिया' म्हणतात. मराठीत मी तिला न उतरलेला आवाज म्हणते.

तो का उतरला नाही, याविषयी लिहिताना मी जपून लिहिते आहे. दुसऱ्या भेटीत, मामा बाहेर असताना, त्याने सांगितले की वयाच्या आठव्या वर्षापासून तो गावच्या भजनी मंडळात गौळणी म्हणत असे. पेटीच्या काळी चार पट्टीत त्याचा आवाज स्वच्छ लागत असे, सप्ताहात शेजारच्या गावचे लोक त्याला ऐकायला थांबत आणि पखवाजवाले आजोबा त्याला कौतुकाने जवळ बसवून घेत. तेराव्या वर्षी आवाज फुटू लागला. एका सप्ताहात, गौळणीचा अंतरा उचलताना, आवाज अर्ध्यावर तुटून खाली कोसळला आणि मंडपात हसे झाले. त्यानंतर त्याने तो आवाज 'धरून ठेवला', हा त्याचाच शब्द. आधी गाण्यात, मग बोलण्यातही तो खाली जाऊ द्यायचा नाही, असे त्याने मनाशी ठरवले होते. वर्षभरात ठरवण्याची गरज उरली नाही, कारण तो बोलण्याचा एकमेव मार्ग होऊन बसला होता. त्या वर्षी गाणेही सुटले.

ही हकिगत खरी मानण्यास मला हरकत वाटत नाही, पण तेच संपूर्ण कारण असे मी म्हणणार नाही. लहानपणी गाणाऱ्या कितीतरी मुलांचे आवाज फुटतात, त्यांच्यावरही हसले जाते, आणि वर्षभरात ते मोकळेपणाने उतरतात. स्वरयंत्र काही महिन्यांतच झपाट्याने वाढते, जुन्या मापाची सवय असलेल्या मेंदूला नव्या मापाचा ताळमेळ पुन्हा बसवावा लागतो, आणि काही मुलांमध्ये तो बसताना जुनीच पकड घट्ट होते, एवढेच खात्रीने म्हणता येते. त्या पकडीला लाज हातभार लावते, हे मात्र मी अनेक तरुणांच्या बाबतीत पाहिले आहे.

उपचार त्याच खोकल्यापासून सुरू केला. खोकल्याच्या शेवटी उरणारा आवाज किंचित लांबवायचा, मग 'ख' ला 'अ' जोडायचा, मग तोंड मिटून 'म' चा गुंजार करायचा आणि तळहात छातीवर ठेवून कंप जाणवतो का ते पाहायचे. वीस मिनिटांनी त्याने एक ते दहा आकडे खालच्या आवाजात म्हटले. सातावर तो थांबला. गळ्यावर हात ठेवून म्हणाला, 'मॅडम, हा माझा नाही.' हे वाक्यही त्याने नव्याच आवाजात म्हटले होते. बाहेरून मामा दार उघडून आत डोकावले, कारण आत कोणी तिसरा माणूस आला की काय असे त्यांना वाटले होते.

येथवर सोपे असते. योग्य निवड झाली असेल तर पहिल्या एक-दोन भेटींतच खरा आवाज सापडणे ही विरळ गोष्ट नाही, आणि पाहणाऱ्यांना तो चमत्कार वाटतो. मला स्वतःला त्या क्षणाचे आकर्षण कमी आणि पुढच्या दोन महिन्यांची काळजी अधिक असते. नऊ वर्षे ज्या आवाजाने आई, आजी, मित्र, साहेब यांच्याशी नाते चालले, तो एका दिवसात बाजूला ठेवून दुसऱ्या आवाजात 'आई, जेवायला वाढ' म्हणणे सोपे नसते. पहिल्या आठवड्यात तो आला तो जुन्याच आवाजात बोलत. 'घरी नाही जमलं. सगळे बघत होते,' एवढेच म्हणाला.

त्यामुळे क्रम उलटा केला. जे त्याला ओळखत नाहीत त्यांच्यापासून सुरुवात करायची आणि घर सर्वांत शेवटी. माझ्यासमोर बसूनच त्याने एसटीच्या आगारात फोन लावला आणि सायंकाळच्या गाड्यांची वेळ विचारली. पलीकडून उत्तर आले, 'साडेपाचला आहे, दादा.' फोन ठेवल्यावर त्याने ते वेळापत्रक मला सांगितले नाही. 'दादा म्हणाले' एवढेच दोनदा सांगितले. मग परगावच्या दुकानात खरेदी, रिक्षावाल्याशी बोलणे, वाचनालयात चौकशी, अशी कामे त्याला दिली. रोज सकाळी वीस मिनिटे खालच्या पट्टीत ओंकार आणि वर्तमानपत्राचे मोठ्याने वाचन चालू होते.

या टप्प्यावर माझी चूक झाली. त्याचा हुरूप वाढावा म्हणून आवाज जितका खाली जाई तितके मी त्याला शाबासकी देत गेले. चौथ्या भेटीत तो घरघरणारा, दाबून खाली नेलेला आवाज घेऊन आला. पट्टी ९० हर्ट्झच्याही खाली होती आणि घसा पुन्हा दुखू लागला होता. जाड म्हणजे चांगला, असा अर्थ त्याने माझ्या कौतुकातून काढला होता, आणि तो तसा काढण्यास मीच जबाबदार होते. पुढच्या दोन भेटी सहज पट्टी शोधण्यात गेल्या : सुस्कारा टाकताना, 'हं' म्हणताना आवाज जेथे आपोआप विसावतो ती जागा. ती १२० हर्ट्झच्या जवळ निघाली.

घरी नवा आवाज गेला तो सहाव्या आठवड्यात. आधी मी आईला बोलावून घेतले आणि कौतुक, नवल, टिंगल यांतले काहीही आठ दिवस होऊ देऊ नका, अशी विनंती केली. त्यांनी ती पाळली. तरी मागच्या दाराने त्याने हाक मारली की 'कोण आहे?' असे त्यांच्या तोंडून निघून जाई, असे त्यांनी नंतर सांगितले. त्याला खरी धास्ती आजीची होती, कारण ती ऐकू कमी येते म्हणून कायम मोठ्याने विचारत असे आणि शेजाऱ्यांना सगळे कळत असे. पण आजीने काहीच विचारले नाही. उलट पूर्वी प्रत्येक वाक्याला येणारे 'काय म्हणालास?' बंद झाले. त्याच्या जुन्या आवाजात हवा होती, पण जोर नव्हता. नवा आवाज तिच्या कानापर्यंत पोहोचत होता.

व्यायामाने हे साधले नसते तर काय केले असते, हेही नोंदवते. स्वरपट्ट्या ताणणारा स्नायू औषधाच्या सुईने काही काळ शिथिल करता येतो. ढालीच्या कूर्चेची थोडी पट्टी काढून स्वरपट्ट्या सैल करण्याची शस्त्रक्रियाही आहे. जपानच्या नोबुहिको इस्शिकी यांनी १९७० च्या दशकात या प्रकारच्या शस्त्रक्रिया मांडल्या. दोन्हींना त्यांची जागा आहे, पण निरोगी स्वरयंत्राला सुरी लावण्याआधी नेटाने केलेला वाचोपचार व्हायलाच हवा, या मताची मी आहे.

या प्रकरणाचे निकष उलट्या बाजूला तसेच लावू नयेत, म्हणून एक खुलासा. एखाद्या स्त्रीचा आवाज तरुणपणापासूनच जाड असेल तर बहुधा तो तिच्या स्वरपट्ट्यांच्या घडणीचा भाग असतो. मात्र मध्यम वयात तो हळूहळू किंवा अचानक उतरला, तर धूम्रपानाने पट्ट्यांना आलेली सूज, अवटुग्रंथी (थायरॉइड) मंदावणे, किंवा व्यायामशाळेत घेतलेली पुरुष-संप्रेरकाच्या जातीची औषधे यांचा शोध घ्यावा लागतो. त्या औषधांनी एकदा जाड झालेला आवाज, औषध बंद करूनही, सहसा पूर्ववत होत नाही.

सहा महिन्यांनी तो तपासणीला आला तेव्हा पट्टी ११५ ते १२५ हर्ट्झच्या दरम्यान होती, 'आ' एकोणीस सेकंद टिकत होता आणि हप्त्यांच्या फोनचे काम त्याने स्वतः मागून परत घेतले होते. जुना आवाज काढता येतो का, असे विचारल्यावर त्याने तो काढून दाखवला. आता त्याला तो मुद्दाम काढावा लागत होता. गाण्याचा प्रश्न अजून शिल्लक आहे. मंडळाची काळी चार त्याला आजही त्या जुन्या पकडीनेच गाठता येते, म्हणून तो तिथे टाळ धरून मागे उभा राहतो. गावातल्या गवयांनी त्याला वर्षभर फक्त खर्ज भरायला सांगितले आहे, आणि या बाबतीत माझे आणि त्यांचे मत एक आहे. पहाटे पाचला तो मंद्रातला षड्ज लावून बसतो. तो अजून थरथरतो, पण तुटत नाही.